फॉर्मवरचं वजन

आठ वाजता हॉटेलातून निघायचं ठरलं होतं. पण आपण मंडळी कुठेही गेलो तरी पोहे सोबत जातात. मग चहा, मग आणखी अर्धा कप. डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. सकाळचं लख्ख ऊन पातळ झालं होतं आणि शिखर ढगात गेलं होतं.

पार्सिपनीच्या घरून व्हरमाँटला आम्ही तिघं बर्फावर स्की करायला आलो होतो. मी, कॉलेजपासूनचा माझा मित्र आणि त्याची बायको. ती लग्न होऊन नुकतीच नागपूरहून आली होती. आदल्या हिवाळ्यात याच डोंगरावर मी माझ्या बायकोबरोबर आलो होतो. मित्रही होता, पण तेव्हा एकटा. बायकोचे दोन्ही दिवस खालच्या लहान उतारावरच गेले. जरा वळायला गेली की एक स्की पायातून सुटायची आणि ती बर्फात बसायची.

"वहिनी, स्की रुसलीय तुमच्यावर," मित्र म्हणायचा.

ती हसायची. परतताना गाडीत मात्र म्हणाली, "पुढच्या वर्षी मी अगदी वरून खाली येणार. बघाच तुम्ही दोघं."

ऑगस्टमध्ये ती गेली. जेमतेम तीन आठवड्यांचं आजारपण. या वर्षी मित्राने भीत भीत विचारलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. वर्षाच्या आत असं मौजेला जाऊ नये, असं आई फोनवर म्हणाली. मौजेला जात नाहीये, एवढंच मी तिला सांगितलं. मला ती वाट वरपासून खालपर्यंत उतरायची होती. बाकी काही नको होतं.

स्की भाड्याने घ्यायच्या रांगेत फॉर्म भरायचे होते. मित्र गाडी लावायला गेला होता, म्हणून त्याच्या बायकोचा फॉर्मही मीच भरत होतो.

"वजन?"

"बावन्न. पण दादा, यांना सांगू नका हं, मी पन्नास सांगितलंय."

मी बावन्न लिहिलं. काउंटरवरच्या वयस्कर बाईंनी फॉर्म वाचला, मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि मला इंग्रजीत विचारलं, "हा लहान मुलाचा आहे का?"

मी किलो लिहिले होते. तिथे पौंड हवे होते.

बाईंनी समजावून सांगितलं. बूट स्कीला धरून ठेवणारा खटका वजनाप्रमाणे घट्ट करतात. वजन कमी लिहिलं तर तो सैल राहतो आणि जरा वळलं तरी स्की सुटते.

मी आकडा खोडला, एकशे चौदा लिहिलं. हात थांबला तो तिथेच. आदल्या वर्षीही रांगेत गर्दी होती, आणि दोन्ही फॉर्म मीच भरले होते. स्वतःचं वजन मला डॉक्टरांकडच्या काट्यामुळे पौंडात पाठ होतं. माझ्या बायकोचं मला किलोतच माहीत होतं. त्या दिवशी कोणी मान वर करून पाहिलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत बर्फ पडायला लागला, थांबला, पुन्हा ऊन आलं. दोनच्या सुमाराला वारा सुटला. वरची लिफ्ट थोड्या वेळात बंद होणार, अशी घोषणा झाली.

"उद्या जाऊ यार," मित्र म्हणाला. "वर काही दिसत नाहीये."

"उद्या लिफ्ट चालू असेलच असं नाही."

"मग पुढच्या वर्षी."

"नाही," मी म्हणालो.

तो लिफ्टच्या पाळण्यात माझ्या शेजारी येऊन बसला.

वर पोचलो तर दहा पावलांपलीकडे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. वाटेच्या कडेला नारिंगी खांब होते. एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत, एवढाच हिशेब ठेवून मी उतरत गेलो. दोनदा पडलो. दोन्ही वेळा स्की पायातच राहिल्या. अर्ध्या वाटेवर पोचलो तेव्हा, स्की काढून चालत उतर, असं मित्र ओरडून सांगत होता. मी काढल्या नाहीत. शेवटच्या वळणावर ढग विरला आणि खाली तो लहान उतार दिसला, तिचा.

मित्राची बायको तिथेच सराव करत होती. वळत होती, पडत होती, स्कीसकट उठत होती.

खाली आल्यावर मी मित्राला सांगितलं. फॉर्म, किलो, खटका, सगळं. "तिला जमत होतं," मी म्हणालो. "चूक माझी होती. आणि आपण दोन दिवस तिला हसत होतो."

त्याने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "पार्सिपनीपर्यंत बोलली असती तुला," तो शेवटी म्हणाला.

"मध्ये एकदाही न थांबता."

"मला पण."

लिफ्टचे रिकामे पाळणे हलायचे थांबले होते. मी वाकून स्की काढल्या. खटके घट्ट होते. काठीने जोर लावून दाबावे लागले.