भिलाईच्या कॅम्पात सात वाइन

सात इंग्रजी शब्द शिकवायला मला काय लागलं, ते आधी सांगून टाकतो. नागपूर ते दुर्ग तिसऱ्या वर्गाचं जाण्यायेण्याचं तिकीट, तीन दिवस बंद ठेवलेलं चहाचं हॉटेल, शेरभर जांभळं, अर्धा डझन लिंबं, गुलाबाच्या सरबताची एक बाटली, दोन गोळी सोडे, गोंदियाला फुटलेला एक गिलास, आणि बहिणीच्या उशीची पांढरी खोळ, जी पुढे कायमची जांभळी राहिली. एवढ्यात त्या काळी एक बरा कोट शिवून झाला असता. पण कोटानं जावयाची नोकरी वाचली नसती.

या यादीत वाइन कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ती का नाही, तीच या प्रवासाची गोष्ट.

भिलाईची पहिली भट्टी पेटून वर्ष झालं असेल. माझी धाकटी बहीण कौशल्या आणि तिचे यजमान नामदेव, म्हणजे आमचे जावई, पवनीकडची शेतमजुरी सोडून तिथे गेले होते. जावई भट्टीच्या तोंडाशी हेल्पर. मग सायकलवरून पडून त्यांचं डावं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. भट्टीवरची जड सळई पेलेना. कौशल्येचं पत्र आलं: परदेशी तज्ज्ञांच्या विश्रामगृहात बेअररची एक जागा आहे, रविवारी परीक्षा आहे, वाइनची इंग्रजी नावं यावी लागतात. जागा मिळाली नाही तर मजुरांच्या कॅम्पातली खोली सोडून गावी परत. मुलीचं नाव नुकतंच शाळेत घातलं होतं. पत्राच्या शेवटी एकच ओळ: ‘दादा, तुमाले येते ना ते?’

मला येत होतं. कामठीच्या छावणीत ऑफिसरांच्या मेसमध्ये मी दोन वर्षं गिलास धुतले होते. म्हातारा बटलर प्रत्येक गिलास माझ्या हातात देताना त्यातल्या वाइनचं नाव घ्यायचा, आणि माझे कान तेव्हापासून तिखट. पुढे स्वतःचं हॉटेल काढलं. नागपुरात वाइनचा माझ्याएवढा जाणकार चहावाला दुसरा नसेल, असं मी खुशाल सांगत असे. शुक्रवारी सकाळी हॉटेलला कुलूप लावलं, सहा गिलास वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पॅसेंजर धरली.

आता तुम्ही हेच अंतर चार-साडेचार तासांत कापता. तेव्हा दिवस जायचा. गोंदियाला पुरीभाजी घेण्यासाठी मी उतरलो आणि चढताना एक गिलास गेला. दरेकसाच्या बोगद्यात खिडकी लावून घ्यायची, हे शेजारच्या बाईंनी सांगितलं, पण जरा उशिरा सांगितलं. पुढे डोंगरगडपर्यंत मी नाकातून इंजिनाचा कोळसा काढत होतो. राजनांदगाव सोडलं की जमीन सपाट होते आणि डब्यातली मराठी हळूहळू हिंदी होते. दुर्गला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. स्टेशनाबाहेर सुपेल्याला जाणारा ट्रक मिळाला. सिमेंटच्या गोण्यांवर बसून भिलाईत शिरलो. दोन्ही बाजूंना लाल मुरूम, अर्धे बांधलेले क्वार्टर, आणि त्या सगळ्यामागे कारखान्याची धुराडी. इतकी माणसं एकाच वेळी काहीतरी उभारताना मी कधी पाहिली नव्हती. ट्रकमधला सरदारजी म्हणाला, “यहाँ जो आज आया वो पुराना, जो कल आएगा वो नया।”

कौशल्येनं भात आणि तिकडची बोहारची पालेभाजी वाढली. जेवता जेवता मी जावयांना विचारलं, “जवाईबुवा, वाइन कधी पाहिली?”

“नाई.”

“थोडी चाखून पाहावं लागन.”

जावयांनी घास खाली ठेवला. “दादा, नागपूरले दीक्षा घेतली तवा तुमी माह्या बाजूलेच उभे होते. दारू पिणार नाई म्हून आपुन दोघायनं म्हटलं.”

“मी आपली आठवण पाहून राहिलो होतो तुमची,” मी म्हणालो. कौशल्या पदराआड हसली. खरं म्हणजे ती अडचण गाडीत बसल्यापासून माझ्या डोक्यात होती. दोघांनीही शब्द दिलेला, आणि न चाखता वाइन शिकायची.

शनिवारी सकाळी आम्ही सुपेल्याच्या बाजारात गेलो. तुम्ही गेलात तर तिथला तांदळाचा चिला आणि टमाट्याची चटणी चुकवू नका. तव्यावरून थेट पानावर. तिथे एक रशियन बाई भेंडी निवडत होती आणि भाजीवाली तिला छत्तीसगढीत खडसावत होती की मोडून बघू नको. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण सौदा बरोबर झाला. मी जांभळं घेतली, लिंबं घेतली, सरबत आणि सोडा घेतला.

जावई म्हणाले, “दादा, लग्न हाय का कोनाचं?”

“सात जनींचं,” मी म्हणालो.

दुपारी खोलीत शाळा भरली. माझे पाच गिलास, कौशल्येचे दोन पितळी पेले. जांभळाचा पातळ रस म्हणजे रेड. त्यात गूळ घालून आटवला की पोर्ट. सरबतात भरपूर पाणी, ती रोझे. साखरेविना लिंबूपाणी म्हणजे ड्राय व्हाइट, साखर घातली की स्वीट व्हाइट. गोळी सोडा ही शॅम्पेन. आणि दूध न घातलेला चहा म्हणजे शेरी. माझ्या मेसमध्ये शेरी अगदी त्या रंगाची असे, आणि हे मी त्यांना दहादा बजावलं.

“मासळीसंग कोनती?”

“ड्राय व्हाइट.”

“मटनासंग?”

“रेड.”

“जेवन झाल्यावर?”

“पोर्ट. लहान गिलासात.”

“आन जेवनाच्या आंधी?”

“शेरी. कोरा चहा.”

“कोरा चहा म्हनू नका तिथं.”

कौशल्या भाकरी थापता थापता सगळं ऐकत होती. जावई अडखळले की तीच सांगायची. शेवटी जावई म्हणाले, “हिलेच पाठवा ना उद्या.” ती म्हणाली, “पाठवा. पन मंग भाकरी तुमी थापान.” त्याच गडबडीत पोर्टचा पेला उशीवर लवंडला. संध्याकाळपर्यंत जावयांना सातही नावं, सातही गिलास, कशाबरोबर काय, सगळं तोंडपाठ झालं. मी तर मनात पास करून टाकलं होतं.

रविवारी सकाळी विश्रामगृह. पांढऱ्या भिंती, पंखे, लांबलचक टेबल. आचारी चंद्रपूरकडचा निघाला. दोन बोलणी होताच त्यानं मला स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसवलं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

मॅनेजर कलकत्त्याचे, अंगात कडक इस्त्री. टेबलावर सात भरलेले गिलास, बाटल्या झाकलेल्या. उमेदवार तीन. पहिल्यानं घोट घेत घेत चार ओळखल्या आणि उरलेल्या दोनदा चाखल्या. दुसऱ्यानं गिलास रिकामे करून मॅनेजरांनाच आग्रह सुरू केला. गिलास पुन्हा भरून ठेवल्यावर जावयांची पाळी आली.

“चख के बताओ,” मॅनेजर म्हणाले.

“साहब, मैं नहीं पीता। प्रतिज्ञा है।”

“तो पहचानोगे कैसे?”

चाखायला लावतील, हे मी धरलंच नव्हतं. जावयांनी एक गिलास उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाले, “एक सफेद कपड़ा मिलेगा?”

पांढरा रुमाल मिळाला. जावई एक एक गिलास उचलून खिडकीपाशी गेले, मागे रुमाल धरला, एक डोळा मिटला. भट्टीवर होते तोवर त्यांनी हेच केलं होतं: डोळ्याला निळी काच लावून वाहत्या लोखंडाचा रंग बघायचा आणि सांगायचं, तयार आहे की नाही. रेड, रोझे सांगितल्या. बुडबुडे दिसले, शॅम्पेन झाली. काळपट गिलास थोडा कलता केला, काचेवरून उतरणारी धार पाहिली. “ये पोर्ट है, साहब। भारी चलती है।”

उरले तीन, तिन्ही पिवळट. माझी शेरी त्यांत नव्हती. कोऱ्या चहाच्या रंगाचं तिथे काहीच नव्हतं. जावयांनी एकदा दारात बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग त्यांनी तिन्ही गिलास कलवले. लोखंडावरची मळी कशी आळसावून वाहते आणि लोखंड कसं पळतं, हे त्यांना मी शिकवायची गरज नव्हती. “ये धीरे उतर रही है, स्वीट है। ये दोनों भाग रही हैं। दोनों ड्राय व्हाइट। शेरी आपने रखी नहीं।”

मॅनेजर हसले. सातवी शेरीच होती. फिकट शेरीही असते म्हणे. ते मला त्या दिवशी कळलं. एक दिवस आधी कळलं असतं तरी चाललं असतं.

“सात में छह,” मॅनेजर म्हणाले. मग त्यांनी टेबलाकडे पाहिलं. जावयांपुढचे सातही गिलास भरलेले. त्यांनी आचाऱ्याकडून नरसाळं मागवलं आणि स्वतःच्या हातानं एकेक गिलास परत ज्याच्या त्याच्या बाटलीत ओतला. शेवटचा थेंब गेल्यावर म्हणाले, “कल से आ जाओ।”

बाहेर आल्यावर जावई पायरीवर बसले. वाकड्या मनगटावरून हात फिरवला. मग म्हणाले, “दादा, आता कौशल्येले सांगाले तुमी चला संग. मी सांगतो तं तिले वाटन मस्करी करून राहिलो.”

ती खोलीच्या दारात उभी होती. ऐकलं, आत गेली, आणि मुलीची शाळेची पाटी बांधलेल्या बोचक्यातून काढून परत खिळ्याला लावली. एवढंच.

त्याच संध्याकाळी दुर्गहून परतीची गाडी धरली. आज कुणी भिलाईला निघालं तर मी सांगतो: सुपेल्याचा चिला खा आणि खिडकीशी बसा. माझ्याजवळ त्या प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर खिडकीपाशी एक डोळा मिटून उभा असलेला तो माणूस. शिकवायला मी गेलो होतो, पण कामी आलं त्याचं स्वतःचं भट्टीवरचं शिक्षण.

हे अर्थात तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. हॉटेलात येईल त्या गिऱ्हाइकाला मी ऐकवत असे की भिलाईत परदेशी साहेबांच्या गिलासात जी वाइन पडते ती माझ्या तालमीतून पडते. कुणी पोस्टमन, कुणी वकिलाचा कारकून, सगळे माना डोलवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात जावई नागपूरला आले. मी मुद्दाम त्यांना गल्ल्याजवळ बसवलं आणि चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं, “जवाईबुवा, सांगा यायले, किती वाइन चालते तुमच्या तिथं?”

“महिन्यातून एखांदी बाटली उघडते, दादा,” जावई म्हणाले. “बाकी सारे चहाच मागतात.”