रिकाम्या दारावरचा नेम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, तेव्हाच्या मित्रांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय. ऐकून माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू द्या.

गारखेड्यात एक गेमिंग कॅफे होता. बंदुकांचा ऑनलाइन गेम खेळायला आम्ही तिथं जमायचो. दुष्काळाची वर्षं. प्यायलाच टँकरचं पाणी, तर कूलरमध्ये कोण ओतणार? पंखा एकच, आणि बिडकीनहून येणारा विष्णू तोही बंद करायला लावायचा. "दादा, पंखा बंद करा ना. पावलं ऐकू येत नाईत." हेडफोन फाटके, तरी भिंतीआडच्या शत्रूची पावलं ऐकून तो नेम धरायचा. आम्ही घामानं निथळायचो, त्याला शिव्या घालायचो — आणि जिंकायचा तोच.

मी? मला पावलं कशाला लागतात? माझ्याकडं भिंतीपलीकडची माणसं दाखवणारा चोरटा प्रोग्राम होता. गेमचा स्वतःचा पहारा असतो, पण तो आधी माहीत असलेले चोरटे प्रोग्रामच धरतो. म्हणून सामन्याचं रेकॉर्डिंग माणसंही तपासतात — कुणाचा नेम भिंतीवरून शत्रूमागं सरकतोय का, ते बघायला. आमच्या ग्रुपात हे काम माझ्याकडं होतं. कुंपणच शेत खातं, ते असं.

पुण्याच्या एका पगारी गेमिंग संघाला आमच्यातला एक खेळाडू हवा होता. विष्णूचं शेत औद्योगिक वसाहतीत गेलेलं, कॉलेज सुटलेलं. त्याला हाच एक रस्ता होता. मला नुसता मान हवा होता. मग कुणीतरी शंका काढली — याला भिंतीआडचं कळतं कसं? कुणीतरी कशाला, मीच काढली.

रेकॉर्डिंग मी नीट पाहिलं. एका ठिकाणी विष्णू रिकाम्या दारावर नेम धरून बसला होता, बराच वेळ. शत्रू मागच्या जिन्यानं आला आणि त्याला मारून गेला. ज्याला भिंतीपलीकडचं दिसतं, तो अशी चूक करील? मी तरी कधी केली नव्हती. तो खरा खेळत होता, हे माझ्याइतकं पक्कं कुणाला कळणार होतं? तेवढा तुकडा मी कापला आणि उरलेलं, हा चोरून बघतो म्हणत, सगळ्यांना दाखवलं.

तो भांडेल असं वाटलं होतं. दिसत असतं तर पंखा कशाला बंद केला असता — एवढं म्हणाला असता तरी मी अडकलो असतो. पण तो म्हणाला, "तुमी सोता बघितलंय ना दादा? मग मशीनमधीच काहीतरी असंल." मी मान डोलावली.

पुण्याला मी गेलो. संघाच्या मशीनवर माझा प्रोग्राम चालेना, आणि थोड्याच दिवसांत मला परत पाठवलं. विष्णूची जागा त्याला मिळाली नाही, मलाही टिकवता आली नाही.

तो पुन्हा कॅफेत आला नाही. रेकॉर्डिंग दाखवलं त्या दिवशी दारापर्यंत गेला, मागं फिरला, आमच्यासाठी पंखा लावला आणि गेला. मला वारा बरा वाटला.