पिंप कापायच्या आधी

परवा खारघरच्या कॉलेजात शिकणारी माझी भाची एक छापील कागद घेऊन आली. "मामा, उद्योजक व्हावं असं विद्यार्थ्यांना कशामुळे वाटतं? खुणा करून दे ना." आईवडील, शिक्षण, सरकारी योजना, मित्र. 'मित्र'पाशी माझा हात अडला. कागद परत दिला आणि वर उगाच तिच्यावर डाफरलो.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. पनवेलला मी आणि माझा एक मित्र बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय केमिस्ट्री. तो जवळच्या विचुंबे गावचा. घरची जमीन नव्या शहरासाठी सरकारनं घेतलेली आणि बदल्यात घरटी एक नोकरी देणारा दाखला आलेला. त्या दाखल्यावर त्याला एका कचेरीतून बोलावणं आलं. हजर व्हायला पंधरा दिवसांची मुदत.

नेमकं त्याच आठवड्यात कॉलेजात स्वयंरोजगारावर व्याख्यान झालं. सफारीतले पाहुणे फिनेलची बाटली हातात धरून तासभर बोलले. हा पेटलाच. "आपण काढू या ना फिनेल! तुला काय वाटतं?"

मला काय वाटणार, कपाळ! मी बँकेची लेखी परीक्षा पास होऊन मुलाखतीच्या क्लासला जात होतो. वडील कारकून, आजोबा कारकून. धंदा करायची माझी छाती नव्हती, पण दुसऱ्या कुणीतरी करून दाखवावा याची मोठी हौस. म्हटलं, "कारकुनी कसली करतोस? मालक हो, मालक!" बँकेचं अवाक्षर काढलं नाही.

एके दिवशी त्याची आई भाजीची पाटी रिकामी करून थेट आमच्या दारात आली. आत या म्हटलं तरी येईना. "पोरा, तो आमचा नाय ऐकत, तुजा ऐकतो. नोकरी घे म्हनून सांग त्याला. जमीन तर गेलीच, आता ही एक नोकरीच हाय आमाला."

मी मान डोलावली. सांगितलं काहीच नाही. मुदत टळली त्या दिवशी तो माझ्या गळ्यात पडून हसला.

कारखान्यांतली रिकामी लोखंडी पिंपं भंगारात मिळत. राखेनं घासून त्यांत पाणी भरायचं, हे गावात घरोघरी चाललेलं, त्यामुळे पिंपाला कुणी भीत नसे. फिनेल ढवळायला एका पिंपाचं तोंड कापायचं ठरलं. बूच काढलं तर गोडूस वास. प्रॅक्टिकलला शिकवलेला तसा मी हातानं वारा घेत हुंगला. असल्या वाफा ज्योत लागताच भडकतात हे आम्हा दोघांना पाठ होतं, त्यावर मार्क मिळाले होते. गॅसचा कटर भाड्यानं देताना गावातल्या वेल्डरनंही बजावलं होतं, "आधी पाण्यानं गच्च भरा, मगच ज्योत लावा."

तो कळशी घेऊन विहिरीकडे निघालाही. माझा चारला क्लास होता. "अरे, दोनदा धुतलंय की! किती खेपा घालशील? कर सुरू."

त्यानं कळशी खाली ठेवली.

मी सायकलवर नाक्यापर्यंत पोचलो असेन, तोच मागून धडाका झाला. समोरच्या वडावरचे कावळे एकदम उठले. काय झालं ते मला कळलं होतं. तरी एक पाय जमिनीला टेकून कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो, आणि मग सायकल तिथंच टाकून मागे पळालो.

हॉस्पिटलात त्याचे हात आणि डोळे पट्ट्यांनी बांधले होते. माझा आवाज ऐकून म्हणाला, "पिंप फुकट गेलं रे. दुसरं बघून ठेव. मी येईपर्यंत धंदा तू सांभाळ."

"हो," म्हणालो.

त्याची आई मला बाहेर घेऊन आली. "तू सांगितलंस ना रं त्याला, नोकरी घे म्हनून?"

"सांगितलं होतं."

"नाय ऐकला," ती म्हणाली आणि पोटच्या पोराला शिव्या देत रडली. मी ऐकत राहिलो. लाज कशी वाटली नाही मला!

आठवड्यानं मुलाखत. साहेबांनी विचारलं, "केमिस्ट्री झालंय, स्वतःचा उद्योग काढावासा नाही वाटला?"

"नाही सर. कधीच नाही."

साहेब खूश झाले. महिन्याभरात नेमणुकीचं पत्र आलं. त्याचे दोन्ही डोळे गेले, हे मला वडिलांनी सांगितलं. माझ्या नोकरीचे पेढे ते त्याच्या आईच्या हातावर ठेवून आले होते.