चिवड्याच्या डब्यातली चिठ्ठी

रविवारी सकाळी ग्रुपवर एकदम चाळीस मेसेज पडले तेव्हा मला वाटलं, कोच ठरला. चहा तसाच ठेवून मी चष्मा शोधला. पहिलाच मेसेज होता, ‘दिलीप गेला.’ कुठे गेला, असं मी खरोखर मनात विचारलं…

दिलीप नागपूरचा, मी पुण्याचा. इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये गेली वीस वर्षं शेजारी. क्रिकेटवरून भांडून दमल्यावर आम्ही इथल्या फुटबॉलच्या नादी लागलो. यंदा आमच्या टीमचा हल्ल्याच्या चाली आखणारा कोच दुसऱ्या टीमने पळवला आणि त्याच्या जागी कोण येणार, यावर ग्रुपवर रोज खल सुरू झाला. कुठला शर्ट घालायचा हे ज्यांना बायको सांगते, असे आम्ही पंधरा जण कोच निवडत होतो. शेवटी दिलीपने भिशीसारख्या चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येकाने एक नाव लिहायचं, चिठ्ठी त्याच्या चिवड्याच्या रिकाम्या डब्यात टाकायची, कोच जाहीर झाला की झाकण उघडायचं. स्वतःच्या चिठ्ठीवर तो बराच वेळ काहीतरी लिहीत बसला, मग तिच्या इतक्या घड्या घातल्या की तिचा गोळाच झाला. “डबा तुझ्याकडे ठेव यार,” तो म्हणाला, “माझ्याकडे राहिला तर मी डोकावेन.”

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही हृदयाची स्ट्रेस टेस्ट करायला सांगितली होती. त्याला जिना चढताना धाप लागायची, माझ्या छातीत आवळल्यासारखं व्हायचं. दोघंही घाबरलो होतो, पण कोचबद्दल तासभर बोलणारे आम्ही त्याबद्दल दोन मिनिटंही बोललो नाही.

“कोच ठरू दे, मग दोघं मिळून जाऊ,” मी म्हणालो.

“नक्की? की मग म्हणशील, पहिली मॅच होऊ दे?”

“आईशप्पथ.”

पुढे ढकलायची कल्पना माझी होती, त्याची नाही. हे मी त्याच्या बायकोला, सुनीतावहिनींना, अजून सांगितलेलं नाही. हिंमत होत नाही…

तो गेल्यावर अकराव्या दिवशी कोच जाहीर झाला. ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. माझ्या बायकोने, मेधाने मात्र माझ्यासमोर फोन धरला. “ठरला ना तुमचा कोच? मंगळवारची अपॉइंटमेंट घेतली आहे.” बचावाच्या कोचचंही अजून नक्की नाही, असं मी पुटपुटून पाहिलं. तिने नुसतं बघितलं.

उद्या मंगळवार. डबा फ्रिजवर आहे, हलवला की चिठ्ठ्या सरकतात आणि त्यातला एक गोळा टपटप वाजतो. आज दोनदा झाकणाला हात लावला आणि काढून घेतला. टेस्ट करून घरी आलो की उघडेन. एवढी एकच गोष्ट आता पुढे ढकलतोय, दिलीप… घरी परत यायला काहीतरी कारण हवं ना.