बोंड धरणारा हात

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मला शिंगं फुटली होती. दारव्ह्याच्या जीपमध्ये मी मांडीवर एक हात घेऊन बसलो होतो: थ्रीडी प्रिंटरवर थरावर थर देऊन छापलेला, छोट्या मोटरवर बोटं मिटणारा, सरावाने शिकणारा. बोटांच्या टोकांत दाब ओळखणारं रबरासारखं प्लास्टिक बोटांसोबतच छापलं होतं. काही टेकलं की दंडावर बांधायची चकती थरथरे, म्हणजे ज्याचा हात त्याला स्पर्श कळे. शेजारचे आजोबा दचकले. "कोनाचा हाय हा?" मी व्याख्यानच सुरू केलं. ते उतरून दुसऱ्या जीपमध्ये जाऊन बसले.

हात काकूसाठी होता. तिचा उजवा पंजा कापसातून सरकी काढायच्या जिनिंगच्या यंत्रात गेला होता. तरी डाव्या हाताने ती बायांच्या टोळीसोबत कापूस वेचायची. पण बोंडअळीच्या त्या वर्षी बोंडं धड फुटेनात. अर्धवट उघडलेल्या बोंडातला कापूस उकरायला दोन हात लागतात. एकाने ओढलं तर झाडच ओढलं जातं. टोळीच्या म्होरकीनं तिला घरी बसवलं. मला ते बघवत नव्हतं.

टोळी वेचत होती त्याच वावरात तिला हात बांधला. बोटं बोंडाला लागली, चकती थरथरली आणि बोटं चटकन उघडली. पुन्हा तेच.

"हा तं भिऊन राह्यला," काकू म्हणाली. "याले कायच्यावर शिकवलं?"

"कापसावर."

"कोनत्या?"

मेडिकलमधून आणलेल्या, निळ्या कागदात गुंडाळलेल्या कापसावर. मऊ लागलं की धरायचं, कडक लागलं की सोडायचं, एवढंच हात शिकला होता. यवतमाळ जिल्ह्यात जन्मून मी कापूस औषधाच्या दुकानातून आणला होता! म्होरकी धुऱ्याच्या बांधावर बसून डोळे पुसत हसली.

काकू हसली नाही. "बापू, कापूस तं माह्या डाव्या हातानं निंघते. मले बोंड धराले हात पायजे."

एवढे महिने खपलो, पण तुला हात कशाला हवा, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. फार लाज वाटली.

मग चार दिवस मी स्वतः वेचायला बसलो. बोंडाची वाळकी टोकं नखांत शिरली आणि जी अक्कल डोक्यातून येत नव्हती, ती बोटांतून आली. कॉलेजात जाऊन बोटांची टोकं नव्याने, जाड थराची छापली. कडक लागलं की सोडायचं नाही, धरायचं, असं हाताला शिकवलं.

पुढच्या आठवड्यात काकूनं छापील बोटांत बोंड धरलं. चकती थरथरली. डाव्या हातानं तिनं कापूस उकरून काढला. दुसरं बोंडही धरलं. तिसरं निसटलं. चौथं धरलं. म्होरकी कमरेवर हात ठेवून बघत होती, म्हणून मी तिला दाब आणि थर समजावू लागलो.

"उद्यापासून येजो," ती काकूला म्हणाली. मग माझ्याकडे बोट दाखवून, "अन् याले आनू नको. लय बोलते."

काकू पुढच्या झाडाकडे गेलीसुद्धा होती. हाकलून दिल्याचा एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.