रसायनात तीन

सुकन्या मोहिते कऱ्हाडहून जर्मनीत आली तेव्हा अठरा वर्षांची होती आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. लहानपणी धाकट्या भावाला हिवताप झाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट चाचपून "प्लीहा वाढलीय" म्हटलं होतं. नुसत्या बोटांना आतलं कळतं, याचं तिला नवल वाटलं, आणि ते पुढेही ओसरलं नाही. महाराष्ट्रात सरकारी जागा थोडक्यात हुकली. मग तिच्या वडिलांनी, श्रीधरसरांनी, जर्मनीचा रस्ता शोधून काढला.

तो रस्ता स्टुडिएनकोलेगमधून जातो. आपली बारावी इथल्या मेडिसिनला थेट चालत नाही. आधी वर्षभर जर्मनमधून जीवशास्त्र, रसायन, भौतिक शिकायचं आणि परीक्षा द्यायची. ते गुण आणि बारावीचे गुण मिळून तुमचा आकडा ठरतो. एक म्हणजे उत्तम, चार म्हणजे काठावर पास. परदेशी मुलांच्या जागा मूठभर, त्या एकच्या आसपासच संपतात.

रसायनाची सुकन्याला भीती नव्हती. श्रीधरसर ज्युनियर कॉलेजात तोच विषय शिकवायचे. ती सगळा जीव जर्मनवर लावायची, आणि वर्गातल्या नाशिकच्या प्रणवला रसायन समजावून द्यायची. परीक्षेत जवळजवळ प्रत्येक प्रश्नाखाली 'कारण द्या' असं होतं. तिनं समीकरणं मांडली, उत्तरं काढली, त्यांच्याखाली दोन रेघा ओढल्या आणि पुढे गेली.

जीवशास्त्रात एक, भौतिकात एक. रसायनात तीन.

ती शिकवणाऱ्या बाईंकडे, फ्राऊ लिंडनरकडे गेली.

"उत्तरं बरोबर आहेत तुमची," बाई म्हणाल्या. "पण ती तशी का येतात, ते कुठेच लिहिलेलं नाही. निम्मे गुण त्याचेच होते."

"मी पुन्हा बसते."

"पुन्हा फक्त नापास झालेल्यांना बसता येतं. तुम्ही पास आहात."

बाई कठोर नव्हत्या. त्यांनी तिला बसायला लावलं, पाणी दिलं. पण नियम तो नियम.

फोनवर श्रीधरसर म्हणाले, "मीच तसं शिकवलं गं. उत्तर काढा, वेळ वाचवा."

"नाही बाबा, मीच प्रश्न नीट वाचला नाही," ती म्हणाली. दोघांनीही एकमेकांचं ऐकलं नाही.

प्रणवला मेडिसिन मिळालं, दूरच्या शहरात. सुकन्याला सगळीकडून नकार. परत जायचं नाही असं ठरवून तिनं प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत करत शिकण्याचं प्रशिक्षण, घेतली आणि एर्लांगेनला एका रुग्णालयात लागली. माझी तिची ओळख तिथलीच. आम्ही एकाच बसनं कामाला जातो. काम तिला मनापासून आवडतं. पण एकदा बसमध्ये ती म्हणाली, "ताई, माझ्याकडे माणसं येतात ती नळीतून. नाव असतं, जन्मसाल असतं. चेहरा नसतो."

गेल्या वर्षी एक नळी रोज येऊ लागली. फ्राऊ ह्युबनर. प्लेटलेट्स उतरत चाललेल्या. ही बाई एकटी असेल का, कुणी भेटायला येत असेल का, असलं काहीबाही सुकन्याच्या मनात यायचं. एका सकाळी आकडा फारच खाली आला. असं झालं की वॉर्डात फोन करायचा असतो. तिनं केला, जर्मनमध्ये आपलं आणि रुग्णाचं नाव सांगितलं, आकडा सांगितला. पलीकडून एकदम मराठीत, "मोहिते? सुकन्या? अगं, मी प्रणव!"

तो नुकताच तिथे डॉक्टर म्हणून रुजू झाला होता. जेवणाच्या सुट्टीत त्यानं तिला वर बोलावलं. कॉरिडॉरमध्ये भेटल्यावर हसत म्हणाला, "तुझ्या रसायनावर डॉक्टर झालो मी." बोलून गेला आणि त्याचा चेहरा पडला.

"चल, मला फ्राऊ ह्युबनर दाखव," ती म्हणाली.

खाटेवर निळ्या नेलपॉलिशची एक बारीक आजी शब्दकोडं सोडवत बसली होती. तिनं सुकन्याचा हात हातात घेतला. "हात किती गार तुमचे, फ्राऊ डॉक्टर."

"मी डॉक्टर नाही. खाली लॅबमध्ये तुमचं रक्त तपासते."

"अस्सं? मग लालच आहे ना अजून?"

सुकन्या खूप हसली. जिन्यात एकटी असताना रडली.

प्रणवच्या आग्रहानं तिनं पुन्हा अर्ज केला. मधल्या काळात नियम थोडे बदलले होते. तिचा आकडा तोच होता. पुन्हा नकार आला. मग तिनं आपल्या वरिष्ठांना विचारलं, आठवड्यातून एक सकाळ वॉर्डात रक्त काढायला जाऊ का? ते हो म्हणाले.

आता दर मंगळवारी ती ट्रॉली घेऊन खाटांमधून फिरते. शीर शोधायला तिला दिव्याची फारशी गरज लागत नाही, बोटं पुरतात. लोक तिच्याशी बोलतात, नातवंडांचे फोटो दाखवतात. आणि कुणीतरी हमखास विचारतं, "काल माझे आकडे कसे आले हो?"

तिला ठाऊक असतात. बहुतेक वेळा तिनंच पाहिलेले असतात, त्यांचा अर्थही तिला कळतो. ती दंडाचा पट्टा सोडते, कापूस दाबून धरते आणि म्हणते, "डॉक्टर येतीलच आता. ते सांगतील."