प्रॉपर कुठले?

ऐका हो ऐका! समस्त भाडेकरूंना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ‘प्रॉपर’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ कुणीही शब्दकोशात शोधू नये. तो करंजाड्याच्या सोसायटीच्या ऑफिसात मिळतो. मला तिथंच मिळाला. आईच्या देखत.

तळमजल्याचं घर होतं. आईचे गुडघे गेलेले, म्हणून तेच हवं होतं. सेक्रेटरीनं फॉर्म पुढं केला, पण हातातून सोडला नाही.

“तुम्ही प्रॉपर कुठले?”

“इथंच, पावणे एमआयडीसीत कंपनीत आहे. वीस वर्षं झाली.”

“तसं नाही हो. प्रॉपर?”

“नांदेडकडचे.”

“नांदेडकडं प्रॉपर कुठं?”

गाव सांगितलं. तरी समाधान होईना. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्याला काही वास लागत नव्हता.

“गावात घर कुठल्या बाजूला?”

पोहोचला! माझ्या गावाशी साहेबांना काय घेणं? घराची बाजू कळली की जात कळते. आणि मी, पन्नाशीचा बाप्या, कंपनीच्या गेटवर घसा फोडून घोषणा देणारा, पटकन बोलून गेलो, “मारुतीच्या देवळाला लागून.”

काय जादू! फॉर्म सुटला. पेन आलं. “अरे, दोन चहा सांगा रे!”

चहा आला. आईनं कपाला हात लावला नाही. माझ्याकडं न बघता म्हणाली, “त्या देवळाची पायरी मला कवा चढू दिली रं कुणी?”

हळूच म्हणाली. थोबाडीत बसली. वीस वर्षं ‘प्रॉपर’ ऐकलं की मी एक नवं गाव काढायचो. कधी पुणे, कधी नाशिक. सेक्रेटरीच्या आधी मीच आईला घराबाहेर काढलं होतं.

उभा राहिलो. “साहेब, खोटं बोललो. आमचं घर महारवाड्यात. आम्ही बौद्ध. घ्या लिहून.”

घर गेलं. आई आजही तीन मजले बसत-उठत चढते. तो राग मी गिळणार नाही. आता कुणी ‘प्रॉपर’ म्हणायला तोंड उघडलं की मीच आधी सांगतो, वस्तीसकट, मोठ्यानं. ज्याला उठून जायचं त्यानं जावं. मी उठणार नाही.

मात्र त्या दिवशी सेक्रेटरीच्या तोंडून आईसमोर जे निसटलं, ते जसंच्या तसं इथं ठेवतो:

“मग आधी बोलायचं ना! फुकट चहा मागवला.”